स्टार वॉर्सचे दोन पहिले अंक : १९७७ आणि २०१५

मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनाने स्टार वॉर्स या अंतराळपटांवरची कॉमिक मालिका एकाहून अधिक वेळा नव्याने सुरू केली, आणि त्यांतले १९७७ व २०१५चे पहिले अंक एकापाठोपाठ वाचताना मला त्यांचा स्वभाव अगदी वेगळा जाणवला. रॉय थॉमस यांचे लेखन आणि हॉवर्ड चेकिन यांची चित्रे असलेला १९७७चा अंक चित्रपटाच्याही आधी बाजारात आला होता. मुखपृष्ठावरचे खलनायक डार्थ व्हेडरचे शिरस्त्राण, जे पडद्यावर काळे आहे, ते चक्क हिरवट आहे. पडद्यावरची रूपे लोकांच्या मनात ठसण्याआधीचे हे धाडस मला फार लोभस वाटते, जरी निवेदनाच्या चौकटी शब्दांनी गच्च भरलेल्या असल्या तरी.

जेसन आरन आणि जॉन कॅसडे यांचा २०१५चा अंक पहिल्या चित्रपटानंतरची नवी कथा सांगतो. व्हेडर ज्याची सेवा करतो त्या जुलमी साम्राज्याच्या शस्त्रकारखान्यात नायकांपैकी एक, हान सोलो, गुंडांचा म्होरक्या जब्बाचा दूत म्हणून शिरतो, वाटाघाटींसाठी समोर येतो तो खुद्द व्हेडर, आणि हानचा केसाळ साथीदार च्युबाका दुरून व्हेडरवर नेम धरतो. चेहरे हुबेहूब नटांचे आहेत. त्यामुळे ओळख तत्काळ पटते, पण चित्र कुठेकुठे छायाचित्रासारखे थिजते. नव्या वाचकाच्या हाती मी निःसंशय हाच अंक देईन. पुन्हा उघडावासा मात्र मला जुनाच वाटतो.