विकीवर कॅटेगरी धरून भटकणं, आठ महिन्यांनंतर

सर्च बॉक्स असताना विकीपीडियाच्या पानाच्या अगदी तळाशी पडलेल्या त्या कॅटेगऱ्या, म्हणजे एका विषयाच्या पानांच्या याद्या, कोण बघतं, असं मलाही वाटायचं. मग ज्वालामुखींचं वेड लागलं, सहज म्हणून तिथे क्लिक केलं, आणि आता तिथलं माझं निम्मं फिरणं तिथूनच असतं.

सर्चला नाव द्यावं लागतं हो, आणि नावच माहीत नसेल तर टाइप काय करणार? क्रॅकाटोआचं पान वाचत होतो, १८८३ चा स्फोट, तो तर सगळ्यांनी ऐकलेला. खाली स्फोटाच्या ताकदीवरून केलेली एक कॅटेगरी होती, स्केलवर ६ वाली, ती उघडली तर १६०० सालचा पेरूतला वायनापुतिना, १९१२ चा अलास्कातला नोव्हारुप्ता, १९९१ चा पिनातुबो, सगळे एकाच यादीत. नोव्हारुप्ता हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं आणि विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा स्फोट म्हणे हाच! लांब, ओसाड जागी झाला म्हणून कुणाला पत्ता नाही. त्या रात्री झोपायला दोन वाजले.

पण हे सगळं चालतं मधल्या आकाराच्या कॅटेगरीत. वीस-पन्नास पानं असतील तर मजा, तीनच असतील तर कशाला बनवली कळत नाही, आणि फार मोठी असेल तर संपलंच. एका वेळी २०० नावं दिसतात, पुढची बघायला पुढे पुढे जात राहायचं. इंग्रजीत हयात व्यक्तींची कॅटेगरी आहे तिच्यात दहा लाखांच्या वर पानं आहेत, म्हणजे पाच हजार वेळा 'पुढे' दाबा. ती चाळायला नाहीच मुळी, देखरेखीसाठी आहे.

क्रमाची गंमत वेगळीच. पानाला सॉर्ट की, म्हणजे यादीत कुठल्या शब्दाने लावायचं ती खूण, दिली नसेल तर शीर्षकाच्या पहिल्या अक्षराखाली जातं, त्यामुळे एका छोट्या विकीवर बघितलं तर अर्धे डोंगर 'माउंट' म्हणून म खाली गर्दी करून बसलेले, बाकीची अक्षरं रिकामी. माणसांचंही तेच, कुणी आडनावाने लावलेला, कुणी पहिल्या नावाने.

उपवर्गांत, म्हणजे कॅटेगरीच्या आतल्या कॅटेगऱ्यांत, फार खोल जाऊ नका. ज्वालामुखीवरून निघालो होतो आणि पाचव्या क्लिकला आपत्तीवरच्या सिनेमांत होतो, प्रत्येक पायरी तशी बरोबर वाटते पण एकूण प्रवास वेड्यासारखा. दोन कॅटेगऱ्यांत सामाईक काय आहे हे बघायचं असेल तर कॅटेगरीचं पान काही मदत करत नाही, त्याला सर्चमध्येच इंग्रजीत इनकॅटेगरी, मग कोलन आणि कॅटेगरीचं नाव असं दोनदा टाकायचं. हे मला सहाव्या महिन्यात कळलं, आधी मी दोन टॅब उघडून डोळ्यांनी जुळवत होतो, हसू नका.

मोबाइलवर लॉगिन नसाल तर बऱ्याचदा या कॅटेगऱ्या दिसतच नाहीत, तेव्हा डेस्कटॉप व्ह्यू लावा.

आणि हो, ज्या पानाला कुणी कॅटेगरी लावलीच नाही ते या वाटेने सापडणारच नाही. विशेष पानांत अशा अवर्गीकृत पानांची यादी असते. हल्ली चहा पिताना मी तीच उघडतो, दोन-तीन पानांना कॅटेगरी लावतो, आणि ते म वाले डोंगरही एकेक करून हलवतोय.