सात महिने स्लो कुकर: लाईट जाणाऱ्या गावात पुल्ड पोर्क

साडेपाच लिटरचा स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) घेतला तो फक्त पुल्ड पोर्कसाठी, म्हणजे मऊ शिजवून धागे-धागे सोडवलेल्या डुकराच्या मांसासाठी. नवरा तीन वर्षं अमेरिकेत होता, तिथून ही चव घेऊन आला. आम्ही संभाजीनगरचे. देगेत तासन्‌तास मंद आचेवर मांस शिजवणं या शहराला नवं नाही, नान-खलिया इथलाच. नवं होतं ते डुकराचं मांस घरात आणणं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी कुकर मागच्या गॅलरीत काढला. भांडं, सुरी, चिमटा सगळं वेगळं. वर प्रश्न, "रातभर काय शिजवायलीस गं? कुकरच्या सा शिट्ट्यात होतं की सगळं!"

होत नाही. शिट्ट्यांनी मांस मऊ होतं, पण माझ्या हातून त्याचा लगदा व्हायचा. इथे हवे असतात लांब, ओलसर धागे. खांद्याच्या मांसात शिरा-पडदे भरपूर. ते हळूहळू विरघळून त्यांचं जिलेटिन व्हायला तास लागतात. आतलं तापमान साधारण ९३ ते ९५ अंशांवर गेलं की हाड धरून ओढायचं, ते मुळ्यासारखं स्वच्छ निघून येतं. ८० ला काढलं तर खाण्यालायक असतं, पण काट्यांनी ओढून सुटत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं: कुकर कोणताही घ्या, मांसात खुपसायचा थर्मामीटर आधी घ्या.

मांस आणणं हीच एक कसरत. दुकानदाराचा हात सवयीनं बारीक तुकड्यांवर जातो. "ताई, अख्खा घेऊन करणार काय?" पुढच्या पायाचा वरचा खांदा, हाडासकट, चरबी न काढता, दोन किलो, एवढं आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवते. मागच्या मांडीचा तुकडा एकदा आणला होता. कोरडा, भुशासारखा.

कोरड्या मसाल्यावर माझे तीन प्रयोग वाया गेले. पहिल्यांदा हौसेनं सासूबाईंचा काळा मसाला चोळला. त्यात भाजलेलं खोबरं आणि तेल, त्यामुळे तो भुरभुरत नाही, गोळे होऊन एकाच जागी चिकटतो. वर शेवटी ओव्हनमध्ये रंग आणायला गेले तर खोबरं करपून कडू झालं. आता दोन किलोला ३० ग्रॅम मीठ, तेवढीच गुळाची पावडर, दोन मोठे चमचे ब्याडगी तिखट, एकेक चमचा धने-जिरे पूड, मोहरीची पूड, मिरी आणि वाळक्या लसणाची भुकटी. गूळ खडा किसून घेऊ नका, ओला होऊन चिकटतो. हे सगळं आदल्या रात्री चोळून फ्रीजमध्ये, म्हणजे मीठ आत उतरतं. काळा मसाला एक चमचा, पण शेवटी, धागे सुटल्यावर सुटलेल्या रसात. तिथे तो खरा बोलतो.

पाणी घालायचं नाही. दोन किलोतून दोन-अडीच वाट्या रस आपोआप सुटतो. 'लो'वर नऊ-दहा तास, झाकण उघडायचं नाही. एकदा डोकावलं की गेलेली उष्णता परत यायला वीसेक मिनिटं जातात.

आता तक्रार, आणि हीच मोठी. माझा कुकर बटणांचा, डिजिटल. तिसऱ्या महिन्यात रात्री दहाला लावला, साडेअकराला लाईट गेली, दहा मिनिटांत आली. आम्ही झोपेत. सकाळी सहाला पाहते तर पडद्यावर नुसत्या रेघा लुकलुकतायत आणि भांडं विरजणाच्या दुधाइतकं कोमट. लाईट आल्यावर तो स्वतःहून सुरू होत नाही! थर्मामीटर लावला, ३८. नवरा म्हणाला, "उकळून घेऊ की." मी नाही म्हटलं. ५ ते ६० अंशांत मांस तासन्‌तास राहिलं तर जंतू वाढतात, आणि काहींचं विष उकळूनही जात नाही. दोन किलो फेकलं. कंपनीला फोन केला तर उत्तर, यंत्रात दोष नाही. असेल बाई. ज्या देशात लाईट जात नाही तिथल्यासाठी नसेलही. फिरवायच्या साध्या खटक्याचा कुकर लाईट आली की चालू होतो, शिवाय स्वस्तही मिळतो. मराठवाड्यात राहत असाल तर तोच घ्या. अर्थात रात्री लाईट दोन-तीन तास गेली तर तोही काही वाचवत नाही.

आमच्याकडे इलाज असा केला: इलेक्ट्रिशियनकडून गॅलरीतल्या प्लगला इन्व्हर्टरची लाईन ओढून घेतली. कुकर २४० वॅटचा, म्हणजे तीन साध्या पंख्यांइतका भार. तेव्हापासून एकदाही बंद पडला नाही. दहा तासांना फार तर अडीच युनिट. मे महिन्यात तर त्याचे उपकारच वाटले, कारण चाळीस अंशांत ओव्हन दहा तास कोण चालवेल.

एक गोष्ट मान्य करायला हवी, हे बार्बेक्यू नव्हे. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्यात हे लाकडाच्या धुरावर होतं, त्याच्या पूर्व भागात सॉसही नुसतं व्हिनेगर आणि मिरचीचं. झाकणाखाली वाफेत वरचा काळसर कडक थर येत नाही. मी धागे सोडून, थोडा रस मुरवून, ताटात पसरून ओव्हनमध्ये २२० वर दहा मिनिटं ठेवते, कडा कुरकुरीत होतात. मग पेटलेला कोळसा वाटीत, त्यावर तूप, पाच मिनिटं झाकण. धुंगाराचा वास हिकरीचा (तिकडे धुरासाठी जाळतात त्या लाकडाचा) नसतो, पण घर भरून जातं. दोन किलोचं शेवटी सव्वा किलोच्या आत उरतं, हिशोब धरा. पावापेक्षा ज्वारीची भाकरी, वर चिंचेचं आंबट-तिखट पाणी.

उस्मानाबादी बोकडाचा खांदाही करून पाहिला (जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं तेच). चरबी कमी, आठ तासांत धागे सुटले पण सुकले. पुढच्या वेळी वरून तूप सोडलं, तेव्हा जमलं. ते मात्र स्वयंपाकघरातल्या भांड्यात. सासूबाईंनी दोन भाकरी खाल्ल्या आणि विचारलं, "याला माझाच मसाला ना?"