कैरोत एक दिवस मोकळा: गिझा की लक्झर?
एक मैत्रीण इजिप्तला निघाली आहे, आणि तिचं या दोन्हींत अडलंय. गिझा कैरोला खेटूनच आहे. लक्झर साडेसहाशे किलोमीटर दक्षिणेला, म्हणजे पहाटेचं विमान आणि वाढीव खर्च.

पाहण्यासारखं मात्र लक्झरला जास्त. गिझातला खुफू राजाचा पिरॅमिड बाहेरून थक्क करतो (मूळ उंची सुमारे १४६ मीटर), पण आत वाकून चढल्यावर हाती लागते ग्रॅनाइटची कोरी खोली. गुडघे कुरकुरत असतील तर आत जाऊच नये. उलट लक्झरजवळच्या ‘राजांच्या दरी’तल्या थडग्यांत तीन हजार वर्षांपूर्वीचे रंग अजून टवटवीत आहेत, आणि तिथल्याच कर्नाक देवळाच्या सभामंडपात १३४ खांब!

आजी-आजोबा, लहान मुलं बरोबर असतील तर गिझा. चित्रं-देवळांत रमणाऱ्यांनी लक्झरच गाठावं, तेही जमल्यास मुक्कामाला.