पहिला व्यवहार चोख होता

माझ्याकडे 2005 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 अश्वशक्ती. युरोपात हीच गाडी 180 ची होती, पण आपल्या रस्त्यांना 150 ही पुष्कळ झाली. दिसायला साधी सेडान, पण पाय दाबला की शेजारी बसलेली बायको देवाचं नाव घेते. ही गाडी जुळवली गेली शेंद्र्याला, जालन्यातल्या माझ्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवर. आणि तिच्यासाठी टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, मी शोधत बसलो दिल्लीत.

मागच्या पावसाळ्यात सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला. संभाजीनगरच्या आमच्या मिस्त्रींना सगळे चाचाच म्हणतात. त्यांनी होज काढून टर्बोचा शाफ्ट, म्हणजे पंख्याचा दांडा, हलवून बघितला आणि म्हणाले, टर्बो गेला. वीस वर्षांच्या गाडीचा टर्बो काउंटरवर तयार मिळेल अशी आशा मलाही नव्हती. मग फोनवर शोधाशोध, आणि त्यात दिल्लीचा हा सुटे भाग विकणारा माणूस भेटला.

आधी मी त्याच्याकडून डायव्हर्टर व्हॉल्व्ह, म्हणजे टर्बोची जादा हवा वळवणारी झडप, घेतला, 1,500 रुपयांचा. तिसऱ्या दिवशी कुरिअर घरी. माल अस्सल, खोकं सीलबंद. त्या 1,500 रुपयांच्या सचोटीवर मी टर्बोसाठी पुढचे 38,000 लावले.

त्याला विषय खरंच कळत होता. चासी नंबर मागून घेतला. फोक्सवॅगन समूहाच्या सुट्या भागांचे नंबर कसे वाचायचे ते मला त्यानेच शिकवलं. तीन-तीनचे गट असतात, मधल्या गटाचा पहिला आकडा म्हणजे विभाग: 1 इंजिन, 6 चाकं-ब्रेक, 8 बॉडी, 9 वायरिंग वगैरे. शेवटचं अक्षर बदललं की भागाची आवृत्ती बदलली, म्हणून ते नीट जुळवून घ्या सर, असा वर सल्ला. चोराने आधी शिकवणी घेतली आणि फी नंतर लावली.

व्हिडिओत त्याने लाल रुमालावर टर्बो ठेवून शाफ्ट हलवून दाखवला. मी विचारलं, हा हलतोय कसा, नवा आहे ना? "थोडा प्ले असतोच सर, तेल चढलं की जातो." मी दोन ठिकाणी विचारून पाहिलं, तर खरं निघालं. शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, त्यामुळे कोरड्या टर्बोत तो आडवा किंचित हलतोच. पण त्याच शाफ्टला धरून मागेपुढे ओढलं तर बोटाला काही जाणवता कामा नये. व्हिडिओत तो फक्त आडवाच हलवत होता. हे माझ्या लक्षात आलं, पण पैसे गेल्यावर.

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून खोकं उचललं आणि थेट चाचांकडे नेलं. वर चकचकीत स्टिकर, नंबर तंतोतंत. आमचा धंदा सळईचा. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळताना रोज बघतो, त्यामुळे लोखंडाचं वय आपल्याला बघताक्षणी कळतं असा मला गर्व होता. मला तो टर्बो नवा वाटला.

चाचांनी आधी शाफ्ट मागेपुढे ओढला. टक् असा आवाज आला. मग नेमप्लेटच्या रिव्हेटवर नख फिरवलं. बाकी सगळ्यावर चंदेरी रंगाचा एकसारखा थर, आणि रिव्हेट मात्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतात तसले, कोरे, रंगाच्या वर ठोकलेले. म्हणजे प्लेट दुसऱ्याच टर्बोची. एक्झॉस्टच्या बाजूने आत बोट घातलं तर काळं झालं. न चाललेल्या टर्बोत काजळी कुठून येणार? वेस्टगेटच्या, म्हणजे जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणाऱ्या झडपेच्या, भोकापासून केसासारखी चीरही गेली होती.

"ये पुरानाच है," चाचा म्हणाले, "मुँह धोके आया बस."

त्याला फोन केला. पहिल्या दिवशी "बदलून देतो सर", दुसऱ्या दिवशी "तुमच्या मिस्त्रीने खराब केला", तिसऱ्या दिवशी ब्लॉक. मग बिल नीट वाचलं, जे खरं तर आधी वाचायला हवं होतं. माणूस दिल्लीचा, पण जीएसटी नंबर 27 ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा. दिल्लीचा 07 असतो. पोर्टलवर टाकला तर निघालं एक फरशीचं दुकान, ज्याचा याच्याशी काही संबंध नाही. म्हणजे नंबरही प्लेटसारखाच, दुसऱ्याचा उचललेला.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे पाठवून सतरा दिवस झाले होते. खात्यात काही उरलेलं नव्हतं. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, 2019 च्या कायद्याने ती सोय आहे, दिल्लीला जावं लागत नाही. पण दावा लावायचा कोणावर? नाव खोटं, पत्ता खोटा, बिल खोटं.

शेवटी ट्रकचे टर्बो दुरुस्त करणाऱ्या एकाने माझ्याच जुन्या टर्बोची मधली कोअर, म्हणजे शाफ्ट-बेअरिंगचा गाभा, बदलून दिली. 16,500 रुपये, पक्कं बिल, सहा महिन्यांची हमी. घरच्याघरी होतं ते काम. धूर बंद आहे.

मागच्या आठवड्यात चाचांनी फोनवर एक जाहिरात दाखवली. विकणाऱ्याचं नाव वेगळं, गाव जयपूर. खाली तोच लाल रुमाल, एका कोपऱ्याला जळाल्याचं भोक. किंमत आता 42,500.