ग्राउलर घरी आणावा की शनिवारी टॅपरूममध्ये जावं?

आठवड्यातून चार दिवस बारबेल (वजनं लावलेला लोखंडी दांडा) उचलणारा आणि हापूसची बीअर टॅपवर लागली की जीव तिकडे ओढला जाणारा माणूस पुण्यात आता दुर्मीळ राहिलेला नाही. 2009 साली इथे डूलाली या मायक्रोब्रुअरीचे, म्हणजे स्वतः बीअर बनवून नळावर देणाऱ्या जागेचे, नळ सुरू झाले, त्यानंतर एकेक करत बऱ्याच जागा आल्या, आणि त्याच काळात साध्या जिममध्येही स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) मारायचे रॅक दिसायला लागले. त्यामुळे दोन्ही छंद एकाच माणसात येणं साहजिक आहे. अशा माणसाचा प्रश्न ठरलेला असतो: दोन्ही जमवायचं कसं?

एक गोष्ट आधीच सांगतो. ताकद वाढवायला दारूचा काडीचाही उपयोग नाही. आणि निर्धोक म्हणावी अशी दारूची मात्राच नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 साली स्पष्ट सांगितलंय. तुम्ही पीत नसाल तर हा लेख वाचून सुरू करू नका. स्पर्धेची तयारी चालू असेल तर ते बारा आठवडे पूर्ण कोरडे ठेवा, त्यात तुलना करण्यासारखं काही नाही. हा लेख आहे तो वर्षभर उचलणाऱ्या आणि हंगामी बीअर सोडायची नाही असं ठरवून बसलेल्या माणसासाठी.

त्याच्यासमोर खरे रस्ते दोन. पहिला, ग्राउलर, म्हणजे नळावरची ताजी बीअर न्यायची मोठी बाटली, भरून घरी आणायचा आणि आठवडाभर थोडी थोडी घ्यायची. दुसरा, घरात काही ठेवायचंच नाही, आठवड्यातून एकदा टॅपरूममध्ये, म्हणजे बीअर नळावरून थेट ग्लासात मिळते तिथे, जाऊन तिथेच प्यायची. पहिला मी चौदा महिने केला. दुसरा गेली जवळजवळ दोन वर्षं करतोय. माझं वय त्रेचाळीस, वजन 82 किलो, आणि स्क्वॉट सध्या 120 किलोवर आहे. हे आकडे सांगतोय ते एवढ्यासाठी की पंचविशीतल्या माणसाचा अनुभव वेगळा असू शकतो.

कागदावर ग्राउलरच जिंकतो, आणि मीही आधी तोच निवडला होता. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीला ग्राउलर भरून विकायची मुभा मिळाली, तेव्हापासून ताजी बीअर घरी आणता येते. एक लिटरची बाटली ग्लासांच्या हिशेबात स्वस्त पडते. घरी जेवण आपलं असतं. अंडा भुर्जी, चिकन सुक्कं, ज्वारीची भाकरी असं नीट प्रथिनं मोजून खाता येतं आणि शेजारी पाव लिटर बीअर. गाडी चालवायचा प्रश्न नाही. आवाज नाही. आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठं सुख म्हणजे चवीकडे लक्ष देता येतं. गव्हाच्या बीअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास असतो, तो केळं किंवा लवंग घालून आलेला नसतो, यीस्टनं तयार केलेला असतो. टॅपरूमच्या गोंगाटात हे कळत नाही. घरी गॅलरीत बसून ग्लास नाकाशी धरला की कळतं.

हिशेबही सोपा दिसतो. पाच टक्क्यांची एक लिटर बीअर म्हणजे साधारण 40 ग्रॅम अल्कोहोल. ती चार रात्रींत वाटली तर रोजचे दहा ग्रॅम. एवढ्यानं दुसऱ्या दिवशीच्या डेडलिफ्टचं (जमिनीवरून बार उचलण्याचं) काय बिघडणार?

टॅपरूमच्या विरोधात बोलण्यासारखं पुष्कळ आहे. शनिवारी संध्याकाळी जागा मिळत नाही. ग्लास महाग. खायला जे येतं ते बहुतेक तळलेलं. बरोबरचे मित्र "अरे, अजून एक घे रे" म्हणतात आणि नाही म्हणायला दर वेळी थोडा जोर लावावा लागतो. शिवाय हंगामी बीअर तुमच्या शनिवारची वाट बघत नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये जांभळाची बीअर बुधवारी लागली आणि मी शनिवारी पोचेपर्यंत केग (बीअरचं पिंप) रिकामा झाला होता. पुन्हा ती लागलीच नाही. जांभळं संपली होती. ती हुकल्याचं मला अजून वाईट वाटतं. जाता-येता रिक्षा करावी लागते तो खर्च वेगळाच.

इतकं असूनही मी टॅपरूमकडे आलो, त्याला कारण एकच, आणि त्यावर जरा सविस्तर लिहितो.

उघडलेला ग्राउलर टिकत नाही.

वाचायला ही बाब किरकोळ वाटेल. पण बाटलीचं झाकण एकदा उघडलं, चौथाई बीअर ओतली, की वरच्या मोकळ्या जागेत बीअरमधला वायू सुटून जमतो आणि आत शिरलेला ऑक्सिजन चव खायला लागतो. दुसऱ्या रात्री फेस अर्ध्यावर येतो. तिसऱ्या रात्री वास गेलेला असतो, कारण हे सुगंध उडणारे असतात आणि वायूबरोबर निघून जातात. चौथ्या रात्री उरतं ते थंड, गोडसर, शिळं पाणी. मोठ्या कंपनीची बाटलीबंद बीअर गाळलेली आणि पाश्चराइज केलेली असते, तिला महिनोन्‌महिने काही होत नाही. ही तशी नसते, आणि तशी नसते म्हणून तर आपण तिच्यामागे असतो. त्यात हापूसचा गर असेल तर मे महिन्यात टॅपरूमपासून घरापर्यंतच्या अर्ध्या तासाच्या उन्हातसुद्धा तिची काळजी घ्यावी लागते. मी बर्फाची पिशवी घेऊन जायचो.

म्हणजे चार रात्रींची वाटणी फक्त वहीतच राहिली. प्रत्यक्षात बाटली दोन रात्रींतच संपायची. वर्षातून तीन-चार आठवडेच मिळणारी बीअर सिंकमध्ये ओतायला हात धजत नाही, निदान माझा तरी धजत नव्हता. घरात पिणारा मी एकटाच. ग्राउलर मी रविवारी आणायचो, कारण तेव्हा वेळ असायचा. रविवारी अर्धी, सोमवारी अर्धी. आणि मंगळवारी सकाळी सहाला स्क्वॉट.

इथे गोष्ट बिघडली. अर्धा लिटर म्हणजे 20 ग्रॅम अल्कोहोल, फार नाही. मला कधी डोकेदुखी झाली नाही, मळमळ नाही. पण सोमवारी जेवण होऊन, भांडी आवरून ग्लास हातात यायचा तोवर साडेनऊ-दहा वाजलेले असायचे. अल्कोहोलनं झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते. मी पहाटे तीनला जागा व्हायचो, पाणी प्यायचो, आणि मग साडेपाचच्या गजरापर्यंत नुसता पडून असायचो. सकाळी पहिले दोन सेट ठीक जायचे. तिसऱ्याला बार खालून वर येताना अडखळायचा.

मी वही ठेवतो. ज्या मंगळवारच्या आदल्या रात्री ग्राउलर होता, तिथे समासात "ग्रा" लिहायची सवय होती. आंब्याच्या एका हंगामाची पानं मी जूनमध्ये उलटली. अकरा मंगळवार होते, त्यातल्या सात ठिकाणी "ग्रा". त्या सातपैकी पाच वेळा ठरलेले पाचही सेट पूर्ण झाले नव्हते. उरलेल्या चार मंगळवारी एकदाही सेट सुटला नव्हता. हा काही शास्त्रीय पुरावा नाही. उकाडा होता, कामाचा ताण होता, दहा कारणं सांगता येतील. पण ते समास बघितल्यावर मला जे खुपलं ते असं की आठवडा कसा जायचा ते माझा प्रोग्रॅम ठरवत नव्हता, फ्रिजमधली बाटली ठरवत होती.

उपाय करून पाहिले. ग्राउलर शुक्रवारी आणला आणि शनिवारी संपवला, म्हणजे रविवार विश्रांतीला मोकळा. हे जमलं, पण मग दुसऱ्या रात्रीची अर्धी बीअर उतरलेलीच प्यावी लागायची. शनिवारीच प्यायची, तर नळाखालून ताजी का नको? अर्ध्या लिटरची बाटली माझ्या नेहमीच्या जागी मिळत नव्हती. कॅनचा विचार केला. कॅनमध्ये चांगल्या बीअर मिळतात, पण जांभूळ, कोकम, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असलं थोडक्यात बनणारं काही मला कॅनमध्ये फारसं दिसलं नाही. ते नळावरच येतं आणि नळावरच संपतं.

टिकाऊ हंगामी बीअर नसतेच असं नाही. जर्मनीतली मार्झन मुळात टिकवण्यासाठीच होती. बव्हेरियात 1553 च्या फर्मानानं 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बीअर बनवायला बंदी घातली, कारण उन्हाळ्यात ती नासायची. म्हणून मार्चमध्ये जरा कडक बनवून थंड तळघरात ठेवायची आणि शरद ऋतूत काढायची. आपल्याकडे ऑक्टोबरच्या सुमारास काही ठिकाणी ती लागते, आणि ग्राउलरमध्ये इतरांपेक्षा ती जरा बरी टिकते असा माझा अनुभव आहे. पण आंबा आणि मार्झन यांत मी आंब्याच्या बाजूचा.

आता शनिवारची घडी कशी बसवली ते सांगतो. स्क्वॉट मंगळवारी, डेडलिफ्ट गुरुवारी, हे दोन्ही जड दिवस पूर्ण कोरड्या रात्रींनंतर येतात. शुक्रवारी ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलणं), शनिवारी सकाळी बेंच (बाकावर झोपून बार वर ढकलणं). दुपारी घरी पोटभर जेवण, त्यात चिकन किंवा पनीर भरपूर, म्हणजे संध्याकाळी फ्राइजवर हात पडत नाही. पाचला टॅपरूम, कारण पाचला जागा मिळते. 330 मिलीचे दोन ग्लास, म्हणजे साधारण 26 ग्रॅम. डिसेंबरमध्ये आठ टक्क्यांची स्टाउट (काळी बीअर) असेल तर एकच, कारण त्या एकातच 21 ग्रॅम असतात. आठला रिक्षा. अकराला झोपतो तेव्हा शरीरानं बरंचसं काम उरकलेलं असतं, आणि पहाटे तीनची जाग आता क्वचितच येते. रविवारी काहीच उचलायचं नाही.

बेंच केल्याच्याच दिवशी प्यायल्यानं स्नायू वाढणं थांबत नाही का, असं एका मित्रानं विचारलं. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे तपासलं होतं. व्यायामानंतर नुसती प्रथिनं घेणाऱ्यांच्या तुलनेत, प्रथिनांबरोबर दारू घेतल्यावर स्नायूतल्या प्रथिनांची निर्मिती 24 टक्क्यांनी कमी झाली. आकडा घाबरवणारा आहे. पण त्यात दिलेली मात्रा होती शरीराच्या दर किलोमागे दीड ग्रॅम अल्कोहोल. माझ्या वजनाला ते 123 ग्रॅम, म्हणजे तीन लिटरहून जास्त बीअर. तीही व्यायाम संपल्यावर पुढच्या काही तासांतच प्यायला लावलेली. दोन ग्लासांना आणि आठ-नऊ तासांच्या अंतराला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. दोन ग्लासांनी काहीच होत नाही असंही त्यावरून म्हणता येत नाही, म्हणून मी जड दिवस लांब ठेवले.

या घडीत मला एकच गोष्ट मनापासून सलते, ती म्हणजे हुकलेली जांभळाची बीअर. आता मी टॅपरूमवाल्यांना गुरुवारी फोन करतो आणि केगमध्ये किती उरलीय ते विचारतो. ते न कंटाळता सांगतात. संपत आली असेल तर शुक्रवारी संध्याकाळी जातो, एक ग्लास घेतो आणि शनिवारचं बेंच सकाळऐवजी अकराला करतो. हंगामात हे दोन-तीनदा होतं, तेवढ्यानं घडी विसकटत नाही.

ग्राउलर कुणी घ्यावा? घरात पिणारे दोघं असतील तर नक्की घ्यावा. माझ्या ओळखीत एक जोडपं आहे, दोघंही उचलतात. ते शनिवारी एक लिटर आणतात, उघडतात आणि त्याच बैठकीत संपवतात. त्यांना फेस उतरण्याची अडचण कधी आलीच नाही, आणि शांतपणे वास घ्यायचं सुखही मिळतं. संध्याकाळी जिमला जाणाऱ्यालाही कदाचित माझ्याइतका त्रास होणार नाही, कारण पहाटेची मोडलेली झोप भरून काढायला त्याच्याकडे अख्खा दिवस असतो. अर्ध्या लिटरची बाटली तुमच्या जवळ मिळत असेल, तर माझ्या तक्रारीतली अर्धी हवा तिथेच जाते.

पण एकटे पिणारे असाल, सकाळी उचलत असाल आणि चांगली बीअर टाकून देणं तुमच्याच्यानं होत नसेल, तर मला वाटतं निदान एक आंब्याचा हंगाम घरात बाटली न आणता काढून बघावा, आणि वहीत मंगळवारचे सेट मांडत जावे. माझ्या वहीत गेल्या हंगामात अकरापैकी दहा मंगळवार पूर्ण आहेत. अकराव्याला मला ताप होता.