मालवणच्या पाण्यात उतरण्याआधी : ऑक्सिबेन्झोन की झिंक ऑक्साइड?

सनस्क्रीनच्या ट्यूबवर पुढे ‘रीफ सेफ’, म्हणजे प्रवाळांना सुरक्षित, असं लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. या शब्दांना सर्वमान्य अशी व्याख्याच नाही. ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. ऊन अडवणारी रसायनं तिथे वेगळ्या नावांनी सापडतात : ऑक्सिबेन्झोन बहुतेक वेळा ‘बेन्झोफेनोन-३’ या नावाने असतं, आणि ऑक्टिनोक्सेट ‘एथिलहेक्झिल मेथॉक्सिसिनामेट’ या नावाने. ऊन अडवणारं खनिज, झिंक, मात्र सरळ झिंक ऑक्साइड म्हणूनच लिहिलेलं असतं.

ऑक्सिबेन्झोन त्वचेवर पांढरं दिसत नाही, सहज पसरतं, म्हणून लोकांना आवडतं. हवाईने २०१८ साली कायदा करून ते आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री १ जानेवारी २०२१ पासून थांबवली. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटराष्ट्राने तर २०२० पासूनच सनस्क्रीनमधल्या दहा घटकांवर बंदी घातली. २०२२ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी प्रवाळाच्या जवळच्या नात्यातल्या सागरी जीवावर, म्हणजे सी-अ‍ॅनिमोनवर केलेला प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅनिमोनच्या शरीरात ऑक्सिबेन्झोनला साखरेचा रेणू जोडला जातो आणि जे तयार होतं ते उन्हात पेशींना इजा करतं. त्याच्या आत वस्तीला असलेल्या सहजीवी शैवालात त्याचा बराचसा भाग अडकून राहतो, म्हणून तो जीव काही अंशी वाचतो. शैवाल गमावून पांढऱ्या पडलेल्या जीवाला ते संरक्षणही उरत नाही. म्हणजे गरम पाण्याने असंच शैवाल गमावून आधीच खचलेल्या प्रवाळाला धोका जास्त.

झिंक ऑक्साइडही निरुपद्रवी नाही. त्यातून सुटणारं झिंक शैवालाला आणि बारीक कवचधारी जीवांना घातक ठरतं. कण जितके सूक्ष्म तितकं ते लवकर विरघळतं, म्हणून घ्यायचंच तर ‘नॉन-नॅनो’, म्हणजे मोठ्या कणांचं, लिहिलेलं घ्या. चेहरा पांढुरका दिसेल, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

पण नुसत्या विषारीपणावरून जोखीम ठरत नाही. पाण्यात पदार्थ किती असेल याच्या अंदाजाला, जीवांना जेवढ्याने अपाय होत नाही त्या प्रमाणाने भागतात. उत्तर १ च्या वर गेलं की काळजीचं. तीच क्रीम खुल्या समुद्रात पातळ होऊन जाते. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात, जिथे हंगामात स्नॉर्कलिंगच्या होड्या त्याच त्या जागी थांबतात, तिथे हिशेब बदलतो. आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे, प्रवाळ तिथे खरोखर आहेत.

शहरात रोज लावणाऱ्याचं गणित वेगळं. क्रीम आंघोळीच्या पाण्यातून गटारात जाते. सांडपाणी प्रकल्प असेल तर काही भाग गाळात बसतो, नसेल तर सरळ नदी-खाडीत. तिथे त्वचेला काय मानवतं ते आधी बघा, डॉक्टरांनी सांगितलेली क्रीम यासाठी बदलू नका.

मालवणला जाणाऱ्याला माझं स्पष्ट मत : नॉन-नॅनो झिंक, पण त्याहून आधी लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट. पाठ, खांदे, दंड झाकले की तिथे क्रीम लागतच नाही, आणि जी लावलीच नाही ती पाण्यात उतरत नाही. पोटऱ्यांसाठी लांब लेगिंग्ज घाला. मग चेहरा, मानेची मागची बाजू, हातापायांचे पंजे एवढंच उरतं. तिथे मात्र कंजुषी नको, कारण पालथं तरंगताना मान हमखास भाजते. पोटऱ्यांसाठी लांब लेगिंग्ज घाला. क्रीम होडीत बसल्यावर घाईने नाही, पंधरा-वीस मिनिटं आधी किनाऱ्यावरच लावा.