टॅमॉक्सिफेन की लेट्रोझोल? त्वचेच्या त्रासाच्या अंगाने एक तुलना

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन, केमो आणि शेक आटोपला की घरच्यांना वाटते, आता यातून सुटलो. परंतु गाठीच्या तपासणीत ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह आलेले असेल, म्हणजे गाठ इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन या स्त्रीसंप्रेरकांना दाद देणारी असेल, तर पुढे किमान पाच आणि कधी कधी दहा वर्षे रोज एक गोळी घ्यावी लागते. पाळी गेलेल्या बाईपुढे डॉक्टर त्यासाठी बहुधा दोन पर्याय ठेवतात: टॅमॉक्सिफेन, किंवा लेट्रोझोल आणि त्याच गटातील अ‍ॅनास्ट्रोझोल व एक्झेमेस्टेन. माझ्या आईने लेट्रोझोल घेतले आणि धाकट्या मावशीने टॅमॉक्सिफेन. आई लातूर जिल्ह्यातली, मावशी परभणीची. पहिल्या वर्षात दोघींची मुख्य तक्रार त्वचेची होती आणि दोघींनीही त्याच कारणाने, कोणाला न सांगता, काही आठवडे गोळी बंद ठेवली होती. म्हणूनच गोळी निवडताना त्वचेचा प्रश्न किरकोळ समजू नये, असे मला मनापासून वाटते.

दोन्ही औषधांचे काम वेगळे आहे आणि त्रासातला फरकही तिथूनच येतो. टॅमॉक्सिफेन स्तनाच्या पेशींवर इस्ट्रोजेनला बसू देत नाही, मात्र गर्भाशय आणि हाडे यांच्यावर ते स्वतःच थोडेफार इस्ट्रोजेनसारखे वागते. लेट्रोझोल इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाही. पाळी गेल्यानंतर हे संप्रेरक चरबीत, स्नायूंत आणि खुद्द त्वचेतही थोडे थोडे बनत असते. ते शेवटचे थेंबही आटले की त्वचेचा ओलावा, तेलकटपणा आणि जाडी कमी होत जाते.

तुलनेआधी एका गोष्टीची खात्री करून घ्यावी लागते आणि आपल्या भागात ती फार महत्त्वाची आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या कमी वयातच काढल्या जात असल्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, पण मराठवाड्यातील अनेक घरांना तो त्याआधीपासून ठाऊक होता. पिशवी काढलेल्या बाईची पाळी थांबते, तरी अंडाशय जागेवर असतील तर ते वर्षानुवर्षे इस्ट्रोजेन बनवत राहू शकतात. अशा बाईला लेट्रोझोल एकटे दिले तर ते काम करत नाही. केमोमुळे थांबलेल्या पाळीचेही तसेच आहे. त्यामुळे "पाळी येत नाही" एवढेच सांगून थांबू नये. पिशवीबरोबर अंडाशयही काढले होते का, हे जुन्या कागदांवरून पाहावे आणि शंका असल्यास अंडाशय चालू आहेत का ते दाखवणाऱ्या एफएसएच व इस्ट्राडायोल या रक्ततपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. अंडाशय चालू असतील तर टॅमॉक्सिफेन, किंवा अंडाशय शांत करणाऱ्या इंजेक्शनसोबत लेट्रोझोलच्या गटातील गोळी, अशी निवड होते. दुसरीकडे, पिशवी काढलेली असेल तर टॅमॉक्सिफेनच्या बाबतीत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची जी भीती असते, ती उरत नाही.

आता त्वचेकडे वळू. माझ्या अनुभवात टॅमॉक्सिफेनचा त्रास ओला होता आणि लेट्रोझोलचा कोरडा. गरम वाफा दोन्हींत येतात. अ‍ॅनास्ट्रोझोल आणि टॅमॉक्सिफेन यांची समोरासमोर तुलना करणाऱ्या 'एटॅक' या मोठ्या चाचणीचे २००५ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात पहिल्या गोळीवर सुमारे ३६ टक्के आणि दुसरीवर सुमारे ४१ टक्के स्त्रियांना वाफांचा त्रास झाला होता. म्हणजे फरक आहे, पण थोडा. अंगावरून पांढरे जाण्यातला फरक मात्र मोठा होता: अ‍ॅनास्ट्रोझोलवर साडेतीन टक्के, टॅमॉक्सिफेनवर तेरा टक्क्यांच्या आसपास.

"अंगातून नुस्त्या वाफा निघायल्यात गं बाई," असे मावशी एप्रिल-मे महिन्यांत दिवसातून दहा वेळा म्हणत असे. परभणीत पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा वाफेचा घाम वाळतच नाही. झंपरात ठेवलेल्या स्पंजच्या कृत्रिम स्तनाखाली घामोळ्या उठल्या आणि पुढे जांघेत व दुसऱ्या स्तनाखाली नायटा झाला. तिने मेडिकलमधून सांगून खाजेचे मलम आणले. अशा मिश्र मलमांत बऱ्याचदा स्टेरॉइड असते. चार दिवस खाज दबते आणि नायटा मात्र आणखी पसरतो. त्वचारोगतज्ज्ञांनी ते बंद करून साधे बुरशीनाशक दिले, सुती कापडाची घडी स्पंजखाली ठेवायला सांगितली आणि घाम आला की जागा टिपून कोरडी करायला सांगितले. वाफा कमी करणारी औषधेही असतात. परंतु टॅमॉक्सिफेन चालू असताना पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन घेतल्यास टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटू शकतो, म्हणून मनाच्या आजारावर किंवा झोपेसाठी दिलेली प्रत्येक गोळी कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवावी.

आईचे उलटे झाले. नडगीची त्वचा माशाच्या खवल्यांसारखी झाली, टाचांना भेगा पडल्या, रात्री खाज सुटे. ज्वारीच्या मळणीचा भुसा अंगावर उडाला की तिचे हाल होत. आमच्याकडे बोअरचे पाणी इतके जड की साबणाचा फेसच येत नाही, आणि फेस येत नाही म्हणून ती अधिक साबण चोळत असे. त्वचा आणखी कोरडी होण्याचे अर्धे कारण तेच होते. साबण फक्त काख-जांघेपुरता ठेवला, पाणी कोमट केले आणि अंग पुरते कोरडे होण्याआधी खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायला सुरुवात केली, तेव्हा दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला. ऑपरेशनच्या बाजूचा हात तर रोज न चुकता तेलकट ठेवावा, कारण काखेतील गाठी काढलेल्या हाताला भेग पडून जंतू शिरले तर हात कायमचा सुजू शकतो. योनीमार्गाचा कोरडेपणाही लेट्रोझोलच्या गटात अधिक असतो. याविषयी बायका बोलत नाहीत. परंतु पाण्यावर आधारित जेल मिळते, आणि इस्ट्रोजेन असलेले मलम मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

केस दोन्हींत विरळ होतात.

धोक्याच्या खुणा वेगळ्या ओळखाव्या लागतात. टॅमॉक्सिफेनवर असताना एकच पाय सुजला, लाल आणि गरम झाला, तर त्याला धावरे समजून लेप लावत बसू नये. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. कोणत्याही गोळीवर ताप येऊन तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, कातडी सुटू लागली, किंवा ओठ-चेहरा सुजला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हे क्वचितच घडते. ऑपरेशनच्या व्रणाजवळ नवी पुटकुळी, कडक गाठ किंवा न जाणारी लाली दिसली तर ती गोळीमुळे आली असे गृहीत धरू नये, ती दाखवावीच.

परिणामाच्या बाबतीत, पाळी गेलेल्या स्त्रियांत लेट्रोझोलच्या गटाचे पारडे जड आहे. अनेक चाचण्या एकत्र करून २०१५ साली झालेल्या विश्लेषणात टॅमॉक्सिफेनच्या तुलनेत या गटाने, स्त्रिया या दोन वेगवेगळ्या गोळ्यांवर असतानाच्या काळात, आजार उलटण्याचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी कमी केलेले आढळले. मात्र त्या बदल्यात सांधे आखडतात आणि हाडे ठिसूळ होतात, म्हणून सुरुवातीलाच हाडांची घनता तपासावी लागते. माझे मत विचाराल तर, पाळी खरोखर गेलेली असेल, हाडे बरी असतील आणि आजार उलटण्याचा धोका अधिक असेल, तर कोरडेपणाच्या भीतीने लेट्रोझोल नाकारू नये. तो त्रास घरच्या घरी बऱ्यापैकी आटोक्यात येतो. हाडे आधीच कमजोर असतील, पिशवी काढलेली असेल आणि पायात किंवा फुप्फुसात कधी गुठळी झालेली नसेल, तर टॅमॉक्सिफेनचा विचार योग्य ठरतो. शिवाय ही निवड एकदाच करायची नसते. त्रास असह्य झाला तर डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात, मात्र त्यासाठी त्यांना तो सांगायला हवा. आईने सहा आठवडे गोळी बंद ठेवल्याचे अखेर डॉक्टरांना सांगितले, तेव्हा त्यांनी तिला रागे न भरता अ‍ॅनास्ट्रोझोल लिहून दिले. तिची खाज कमी झाली. ती गोळीच्या बदलाने की साबण सोडल्याने, हे मला सांगता येणार नाही, पण त्यानंतर तिने एकही दिवस गोळी चुकवली नाही.